वर्डनची भूक

नाही, उत्तर टाळत नाही मी, लेलंडभाऊ — पाणी पिते नि सांगते. गांजाचा कायदा. टोपेकाला, आपल्या राज्याच्या विधानसभेत निवडून गेले तर आजारी माणसांना तो मिळावा म्हणून हात वर करणार की नाही, एवढंच विचारलंत ना? तर कसं आहे, विषय नाजूक आहे, अजून अभ्यास व्हायला हवा, पोलिसांचं म्हणणं ऐकायला हवं — हसलात? हसा. सव्वीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलंय मी, पोरगं धडा पाठ करून आलंय की समजून, ते मलाही कळतं. आज चौदावं घर तुमचं, आणि चौदाही ठिकाणी हेच म्हटलंय.

खरं तर अभ्यासबिभ्यासही नाही. उमेदवारांना प्रश्नावल्या येतात ना — संस्था पाठवतात, बाजूनं की विरोधात अशी खूण करायची, पाठिंबा हवा असेल तर अधलंमधलं चालत नाही — मी ‘विरोधात’वर खूण केली. जुलैत. माझ्या नवऱ्याच्या, वर्डनच्या पलंगाशेजारच्या टेबलावर, त्याच्या औषधाच्या बाटल्या बाजूला सारून. त्याला म्हटलं, करू ना? कर म्हणाला. त्याच्या मयताला तुम्ही एकटेच मागच्या बाकावर होतात, बायकोला, रूथताईंना, घेऊन का नाही आलात हे मी विचारलंसुद्धा नाही. आज खिडकीतून त्यांचा पलंग दिसला तेव्हा कळलं. कुठला कॅन्सर, पोटाचा? — हं. वर्डनलाही तोच.

त्याची ती शेवटची चांगली संध्याकाळ, चर्चमध्ये ऐकली असेल तुम्ही माझ्याकडून. नऊ दिवस पोटात काही ठरत नव्हतं, पाण्याचा घोटसुद्धा नाही, आणि त्या संध्याकाळी आपणहून म्हणाला, लोइस, बिएरॉक आहे का गं? मी शेजारणीकडे पळत गेले, तिच्या ओव्हनमधला एक आणला, अर्धा खाल्ला त्यानं — पावातला कोबी-खिमा खाली सांडलेला, तोसुद्धा बोटानं टिपून खाल्ला — आणि रेडिओवर बेसबॉल ऐकत झोपून गेला. कण्हला नाही. तुमच्या सगळ्यांच्या प्रार्थनेनं झालं, असं मी दर सभेत सांगते. लोक डोळे पुसतात. जेनेलचं, माझ्या लेकीचं, नाव मी घेत नाही. तिनं शेजारच्या मिझुरी राज्यातून गांजाच्या गोळ्या आणल्या होत्या, जेलीच्या गोळ्या असतात ना तशा — तिकडे दुकानात मिळतात, राजरोस — आणि मला न सांगता बापाला दिली होती एक. डबी मला दुसऱ्या दिवशी सापडली, उशीखाली.

मग मी काय करणार होते? म्हणजे, करता आलं असतं. कपाटात ठेवायची नि गप्प बसायचं. पण अंगणात माझ्या नावाची प्रचाराची पाटी, घरात रोज येणारी नर्स, नि ती खूण केलेली. संडासात ओतल्या मी. अठरा होत्या, दोनदा पाणी सोडावं लागलं. जेनेलला म्हटलं, पुन्हा आणशील तर या घरात पाऊल टाकू नकोस. वर्डन पडल्या पडल्या सगळं ऐकत होता. मला वाटलं चिडेल. तर म्हणाला, ‘बरोबर केलंस, लोइस. तुझं नाव खराब व्हायला नको.’

अकरा दिवस जगला त्यानंतर. घास गेला नाही पोटात. पलंगाची कड धरून कण्हायचा, आणि माझं पाऊल वाजलं की कण्हणं थांबवायचा — माझ्यासाठी थांबवायचा, लेलंडभाऊ. चिडला असता तर बरं झालं असतं. मी माझ्या माणसाला एका पाटीपायी उपाशी ठेवलं. हे मी कुणाला — तुम्हाला तरी का सांगतेय, मतं मागायला आलेली बाई मी.

तर उत्तर हो आहे. हात वर करीन. पण खरं सांगू, परवा सभेत कुणी विचारलं तर पुन्हा अभ्यासच म्हणेन, मी कशी आहे ते मला माहीत आहे. आणि अधिवेशन जानेवारीत, मग समित्या, मग चर्चा — रूथताईंपाशी एवढे दिवस नाहीत. माझ्या हाताची वाट बघू नका तुम्ही. मिझुरी दोन तासांवर आहे, सकाळी निघालात तर जेवणाआधी परत याल, आणि त्या जेवतीलसुद्धा.

ऐका, कण्हत हाक मारतायत त्या. नाही, मी आत नाही येत, त्यांच्याकडे मला बघवणार नाही. जा तुम्ही. थांबल्या त्या, बघा — आपला आवाज ऐकून गप्प झाल्या. जा.