लाल चौकडीचा डगला

नाही, पण तुम्हीच सांगा, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने भर थंडीत, अंगावर गोधडी पांघरून, गुडघ्यांवर रांगत कोंबड्यांच्या खुराड्यात शिरावं, आणि शिरता शिरता बायकोच्या आवाजात "या गं बायांनो, या, या" असं म्हणावं, हे शोभतं का? आणि नेमकं त्याच वेळी फाटकातून जावयाने आत यावं!... असो. माझं काही म्हणणं नाही.

म्हणजे म्हणणं आहे हो, पण घरात ऐकतंय कोण? म्हणून तुम्हाला सांगतो.

त्याचं असं आहे, आमच्या घरात दोन छंद. कोंबड्या हिच्या आणि गोधड्या माझ्या. लोकांना वाटतं उलटं असेल. शेजारचा सुतार तर तोंडावर म्हणाला, "काय हो, या वयात पाळणा हलायचाय की काय तुमच्याकडे?" मी म्हटलं, बाबा रे, तू दिवसभर लाकडाचे तुकडे जोडतोस, मी कापडाचे जोडतो, माझं काम निदान पायावर पडलं तर लागत तरी नाही. पण खरं सांगू का, हिवाळ्यासारखं सुख नाही. बाहेर गुडघाभर बर्फ, आत लोखंडी शेगडी, खिडकीशी माझी खुर्ची, मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी, म्हणजे शिवता शिवता पांघरायचीही सोय... एकदा धावदोरा लागला ना, की बाहेर जग राहिलंय का गेलंय, कुणाला पत्ता!

आणि बाहेर ही. सकाळी उठून उकळतं पाणी घेऊन जायचं, कारण भांड्यातलं पाणी दगड झालेलं. मग पेंढा बदलायचा. मग एकेकीला काखेत धरून तिच्या तुऱ्याला व्हॅसलीन चोळायचं, तुरा थंडीने काळा पडू नये म्हणून. माझे ओठ फुटलेत, त्यांना व्हॅसलीन मागितलं तर म्हणते, "संपत आलंय, कोंबड्यांना लागतं." माझं काही म्हणणं नाही.

आता या सगळ्या कामांना ती एकच डगला घालायची. लाल चौकडीचा, जाड फ्लॅनेलचा, कोपराला विरलेला, खिसा लोंबणारा. आमच्या लेकीच्या जन्माच्या आधीचा तो डगला. कोंबड्यांनी जन्मात हिला दुसऱ्या कपड्यात पाहिलेलं नाही. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तर झालं काय, लेकीचा फोन आला. तिचं तान्हं बाळ, नवीन घेतलेलं घर, आणि घर म्हणजे नुसतं शीतकपाट! म्हणाली, "बाबा, बाळासाठी एक गोधडी द्या ना. पण दुकानातल्या कापडाची नको हं. आपल्या घरातल्या कपड्यांची. सगळ्यांची." रविवारी सकाळी न्यायला येते म्हणाली. मी लागलो कामाला. तिचा शाळेचा निळा फ्रॉक, माझे दोन सदरे, तिच्या आजीचं एक हिरवं पातळ, सगळं धुतलं, इस्त्री केली, पुठ्ठ्याचा साचा ठेवून चौकोन कापले. चारी बाजू जमल्या. पण मधोमध काही ऊबदार हवं होतं. लाल काहीतरी.

इथे माझी पद्धत सांगायला हवी. माझ्या खुर्चीशी दोन टोपल्या असतात. डावीकडची शिवायची, उजवीकडची कापायची. म्हणजे बटण तुटलं, कोपर फाटलं, की डावीकडे. ज्याच्यात राम उरला नाही ते उजवीकडे. पद्धत माझीच, आणि चोख. फक्त त्या आठवड्यात उजेड नीट येईना म्हणून मी खुर्ची फिरवली. खुर्ची फिरवली! टोपल्या तिथेच. आता माणूस फिरला की त्याचं डावं-उजवं फिरतं, हे शाळेत का शिकवत नाहीत?

हिने डगला कोपर शिवायला टाकला होता. मी तो उकळत्या पाण्यातून काढला, वाळवला, आणि त्याचे इतके सुरेख चौकोन कापले म्हणून सांगू, रेघ रेघेला मिळालेली! गोधडीच्या मधोमध असा काही फुलला... मी पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

तेवढ्यात ही आली. "अहो, माझा डगला शिवून झाला का?"

"कुठला?"

"अहो, असे किती डगले आहेत मला? कोंबड्यांचा!"

मी गोधडीच्या मध्याकडे बघितलं. गोधडीच्या मध्याने माझ्याकडे बघितलं. मग हिने दोघांकडे बघितलं.

ओरडली असती ना, परवडलं असतं. नुसतं म्हणाली, "बरं." तुम्हाला सांगतो, त्या "बरं"ला अस्तर होतं. आत कापूस भरलेला होता.

मी म्हटलं, अगं, नवं जाकीट घे ना, मी आणतो. आणलं! पिवळं धमक, फुगीर, गळ्यापर्यंत चेन, आणि चाललं की सरसर, सरसर. ही ते घालून दाणे घेऊन गेली मात्र... काय तो कल्लोळ! मुख्याध्यापिका म्हणून आमची एक कोंबडी आहे, करडी, अंगाने भारी, बाकीच्या तिच्या मागे रांगेत चालतात. ती मान वर करून एकदा किंचाळली आणि सगळा वर्ग कुंपणावर. ही "अगं मी आहे गं, मी!" करत मागे, जाकीट सरसर करत हिच्या मागे. मग जाकीट काढून काळी शाल घेतली, तर त्यांना वाटलं घार आली. मग नुसत्या घरच्या कपड्यांत गेली, कुडकुडत, तरी लांबच. हिची रोजची रीत अशी, की तिन्हीसांजेला खुराड्याच्या दाराशी उभं राहायचं, एकेकीला हाक मारायची, आणि हिच्या पायांवरून एकेक आत. आता दारात हिचे पाय, आणि पायांवर ओळखीचं काहीच नाही! दारातून बाजूला झाली तरी जायला तयार नाहीत. खुराड्यालाच बिचकल्या. गेल्या सगळ्या सफरचंदाच्या झाडावर, बोडक्या फांद्यांवर, फुगून बसल्या.

दोन रात्री ही शिडी लावून एकेकीला उतरवत होती आणि आत नेत होती. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शिडीच्या पायरीवर बर्फ गोठलं. वर चढायची सोय उरली नाही. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी झाडाखाली उभं राहून चष्मा पुसला, परत घातला, म्हणाले, "धक्का बसलाय त्यांना. घरातलं कुणी गेलं का हल्ली?"

ही म्हणाली, "डगला."

"कसे गेले?"

"ह्यांनी कापला."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुन्हेगार. मग म्हणाले, "थट्टा नाही, आज रात्री कडाक्याची थंडी पडणार आहे. वर राहिल्या तर सकाळी अर्ध्या तरी खाली पडलेल्या सापडतील. काहीही करा, अंधाराआधी आत घ्या." आणि गेले. काहीही करा म्हणे! डॉक्टर ते, का मी?

ही झाडाखाली उभी. हातात दाण्यांची वाटी. एकेकीचं नाव घेऊन हाक मारतेय, आवाज चिरकलेला, नाक लाल, आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही. आता मी तसा भावनेत वाहून जाणारा माणूस नाही. मी आत गेलो, शेवटचा टाका मारला, दोरा तोडला, आणि गोधडीला चिकटलेले धागे झटकायला दारात येऊन ती एकदा जोरात झटकली. बस, एवढंच केलं.

धप्!

मुख्याध्यापिका खाली. बर्फात. आणि पाय उचलत, उचलत, मान पुढे काढून, तडक माझ्याकडे! म्हणजे माझ्याकडे नव्हे, मधल्या चौकोनांकडे.

ही पाहतच राहिली. मग म्हणाली, "द्या इकडे." आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. माणसाने तोंड कधी बंद ठेवावं हे ज्याला कळलं, तो हिवाळाभर शेगडीशी बसला. पण उद्या सकाळी लेक न्यायला येणार, नवी कोरी गोधडी, आणि ही उंचीला एवढीशी! मी म्हटलं, "अगं, तुझ्या अंगावर ही चिखलात लोळेल. माझ्या अंगावर घोट्यांच्या वर राहील."

"मग घाला तुम्ही."

घातली! डोक्यावरून पांघरली, लाल चौकोन पाठीवर, आणि खुराड्याकडे निघालो. मागे मुख्याध्यापिका. मी थांबलो की ती थांबते. बाकीच्या फांद्यांवरून बघतायत, येत नाहीत. ही कुंपणामागून कुजबुजते, "अहो, हाक मारा!" मी मारली. एक होती ती अजून वरच्या फांदीवर गेली. "असं काय दरडावता? माझ्यासारखी मारा! लाडाने!" आता इतकी वर्षं संसार झाल्यावर बायकोचा आवाज काढता येतोच माणसाला, फक्त तो तिच्यासमोर काढायचा नसतो. पण काढला. "या गं बायांनोऽ, या, याऽ..." धप्, धप्, धप्! सगळ्या खाली! आणि रांगेने माझ्या मागे!

खुराड्याचं दार माझ्या कमरेएवढं. आत शिरल्याशिवाय त्या आत येईनात. मग काय, टेकले गुडघे. शिरलो. त्या माझ्या पाठीवरून, मानेवरून, एक डोक्यावरून, आत. शेवटची आल्यावर मी उलटा उलटा बाहेर सरकतोय, तोंडाने हाक चालूच, आणि मागून आवाज...

"बाबा?"

बर्फाच्या भीतीने एक दिवस आधी निघाले होते. लेक, तिच्या कडेवर बाळ, आणि शेजारी जावई, हातात मिठाईचा खोका, तोंड उघडं. जावई सभ्य आहेत. म्हणाले, "आम्ही... नंतर येऊ का?"

लेक माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या पाठीकडे बघत होती. "हा आईचा डगला ना? शाळेतून आले की मी ह्याच्यातच तोंड खुपसायचे." आणि तिने बाळ नवऱ्याकडे दिलं, गोधडी माझ्या अंगावरून ओढली, पेंढ्यासकट, पिसांसकट, आणखी जे काही लागलं होतं त्याच्यासकट, आणि तोंड खुपसलं. मी म्हटलं, "अगं, धुवायची आहे!" तर डोळे पुसत म्हणते, "नको. अगदी आईचाच वास येतोय."

हिने हळूच स्वतःची बाही हुंगून बघितली.

मला वाटलं, ही आता म्हणणार, मधले चौकोन उसवून द्या. कोंबड्यांचा प्रश्न होता ना! रोज संध्याकाळी काय करायचं? पण लेकीकडे बघून हिने एकदा नाक पुसलं आणि म्हणाली, "ने गं. तुझ्यासाठीच होती." आणि ती गोधडी गेली. शेवटी एक धुणं मात्र मी मिळवलं, बाळाचं निमित्त करून.

मग उरल्या तुकड्यांचं काय? होते थोडे. गळपट्टी, एक लोंबणारा खिसा, चिंध्या. रात्री बसून मी त्यांची एक टोपी शिवली. मन लावून, बरं का, आत अस्तर घालून. सकाळी हिच्या पुढे ठेवली. तिने फिरवून बघितली. म्हणाली, "छान झालीय. माझ्या डोक्याला मोठी आहे." माझ्या डोक्यावर ठेवली. बरोब्बर बसली. मापं माझी ना, हातात तीच बसलेली!

तेव्हापासून उकळतं पाणी मी नेतो. पेंढा मी बदलतो. व्हॅसलीन मी चोळतो. कापड कमी पडलं म्हणून टोपी कानांवर येत नाही, माझं काही म्हणणं नाही. कोंबड्यांना मी म्हणजे हीच वाटतो, माझं काही म्हणणं नाही. ही शेगडीशी माझ्या खुर्चीत बसून गोधडी शिवायला लागलीय, आणि टाका माझ्यापेक्षा बारीक आहे, त्यावर तर माझं काहीच म्हणणं नाही. पण तिन्हीसांजेला ती खिडकी जराशी उघडते आणि आतूनच मोजते. मुख्याध्यापिका आत, लंगडी आत, काळी आत... सगळ्या संपल्या की शेवटी माझ्याकडे बोट करते, मला मोजते, आणि मग दाराची कडी काढते.