शिळ्या भाकरीचे कुटके

तुम्ही पत्रिकेचं काय सांगता, माझं लग्न शिळ्या भाकरीनं जमलंय!

उदगीरचे पाहुणे मला बघायला रेणापूरला आले होते. आईनं हॉटेलातून समोसे, पेढे मागवलेले, पण मला हात लावू देईना. "पाहुण्यांना पुरलं पाहिजे." बघणं उरकून आत आले तर पोटात कावळे ओरडत होते. मग रात्रीची ज्वारीची भाकर कुस्करली, कांदा-मिरचीची झणझणीत फोडणी दिली अन् कुटके केले. वास बाहेर गेला, तशी पोराची आई थेट चुलीपाशी!

"काय करायलीस गं?"

माझ्या आईनं पटकन कढईवर झाकण ठेवलं. "काही न्हाई ओ, उगं आपलं..."

मला भूक लागलेली अन् रागही आलेला. म्हटलं, मोडायचं तर मोडू दे. "शिळ्या भाकरीचे कुटके हायत. आम्ही अन्न टाकत न्हाई."

बाईंनी तिथंच बसकण मारली. "समोसे ऱ्हाऊ द्या तिकडं. हे वाढ मला."

दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी बैठकीत आवाज दिला, "अहो, सुपारी फोडा!"

आता सासूबाई रोज रात्री बजावतात, "भाकरी जरा जास्त थाप गं, सकाळी शिळी उरली पाहिजे."