देठ खुडलेला पालक

तेवीस ऑगस्ट, पहाटे चार वाजून वीस मिनिटे, ही माझ्या जन्माची वेळ. धारवाडच्या मळमड्डीत आमचं घर, अप्पा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यांनी घड्याळात पाहून ती वेळ लिहून ठेवली, आणि नोंद ठेवण्याची सवय मला तिथूनच लागली असावी. अप्पा गेल्यावर माझं एम.एस्सी. थोरल्या भावानं, अण्णानं पूर्ण करवलं, हे मी आजही नाकारत नाही.

काय सांगू तुम्हाला, लग्न होऊन मी हुबळीला आले, भाजीपाला तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले, आणि तिकडे अण्णानं धारवाडच्या बाहेर शेतात पालक लावला. धाकट्या बहिणीला आमच्याकडे तंगी म्हणतात; तो म्हणाला, तंगी, तू तपास, मी विकतो, तुझं नाव लावू. पालकात नायट्रेट साठतं, तान्ह्या बाळांना ते जास्त झालेलं चालत नाही, म्हणून किलोमागे दोन हजार मिलिग्रॅमच्या वर गेलेला पालक विकायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. सुभाष रोडवरच्या त्याच्या दुकानावर माझ्या नावाची पाटी लागली, पदवीसकट. बाळांच्या आया ती वाचून पालक न्यायच्या.

नमुने अण्णाच पाठवायचा, निवडून, देठ खुडून, ओल्या फडक्यात बांधून. सासरी गेलेल्या मुलीला न निवडलेली भाजी आमच्या घरून जात नाही, आईनं आयुष्यभर तशीच पाठवली, त्यामुळे मला त्या फडक्यात माहेर दिसलं, नमुना दिसला नाही. नायट्रेट पानापेक्षा देठात जास्त असतं, हे मी दुसऱ्या कुणालाही झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

मग एकदा मातीचा नमुना हवा म्हणून न कळवता, दिवस उगवायच्या आत शेतावर गेले. हिरव्या जाळीखालच्या, युरिया टाकलेल्या वाफ्यांतून देठासकट जुड्या कापल्या जात होत्या आणि दुकानाच्या टेम्पोत चढत होत्या. पलीकडे उघड्यावर दोनच वाफे, तिथं युरियाचा कण नाही. कापणीच्या बाईंना विचारलं, हे कुणाचे, तर त्या हसून म्हणाल्या, अक्का, ते तुमच्या मशिनचे, त्यांना दिवसभर ऊन खाऊ देतो आणि मगच कापतो. रात्रभर मुळं नायट्रेट वर ओढत राहतात, पानाला ते वापरायला ऊन लागतं. म्हणजे खत, सावली, कापणीची वेळ, देठ, हे सगळं मीच कधीतरी जेवताना अण्णाला हौसेनं समजावलेलं, आणि त्यानं ते एकेक करून माझ्यावरच वापरलं.

त्याला विचारलं. तो म्हणाला, बिडवा, सोड ते, शेत एकच, बी एकच, तू नमुना मागितलास, मी दिला. मी म्हटलं, पाटी उतरव. तो म्हणाला, त्या पाटीवरची पदवी कुणामुळे मिळाली, तेवढं आधी आठव.

आई म्हणते, भाऊ आहे, मिटव. मिटवीन. त्याचं शेत पिको, त्याचं भलं होवो, हे मनापासून म्हणते. पण काल सकाळी माझ्याच नावाखाली रांगेत उभी राहून एक जुडी विकत घेतली, न निवडता, देठासकट वाटून तपासली. पाटी अजून तिथंच आहे. आज तिच्याखाली माझ्या हातानं लिहून आले: किलोला तीन हजार आठशे चाळीस मिलिग्रॅम.