बाजेसाठी भांडलो

सगळ्यांना सामावून घ्या म्हणून मी एकदा भांडलो, त्याचं फळ काय मिळालं ते ऐका.

पंचाहत्तर सालच्या आसपास पिंपरीतल्या कामगारांचं एक मंडळ होतं. गुरुवारी कंपनीला सुट्टी. मोशीला इंद्रायणीकाठी जायचं, झाडांना जाळीच्या झोळ्या बांधायच्या आणि दुपारभर त्यात लोळायचं. एकदा मी बातमीसाठी त्यांच्याबरोबर गेलो, तर कुरुळीचा सोपान झोळीऐवजी सायकलवर चक्क बाज बांधून आला.

सेक्रेटरी भडकले. "हे झोळीवाल्यांचं मंडळ आहे. बाज घेऊन घरी जा!"

माझ्यातला बातमीदार उसळला. "उघड्यावर पडायला तुमचा परवाना लागतो काय? माणूस बघा, अंथरूण कसलं बघताय?" घसा बसेपर्यंत भांडलो. शेवटी सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "बरं बाबा, राहू दे बाज!"

सोपान ऐटीत आडवा झाला. माझ्याकडे झोळी नव्हती, बाजही नव्हती. त्याच्या शेजारी गवतावर मी कालचा पेपर पसरला आणि पाठ टेकली. सोपान ताडकन उठून बसला.

"ओ सायेब, जिमिनीवर? न्हाई राव! मंडळाची काय इज्जत हाय का न्हाई?"

आणि सेक्रेटरी झोळीतून म्हणाले, "बरोबर बोलला सोपानराव!"