आमच्या फाटकात वळलेली इर्जिक

पोलीस ठाणे केलरन, सस्कॅचवान प्रांत
ता. १५ सप्टेंबर १९८७

मी, लेस्या नेस्टर प्रोकोपचुक, वय ६३, धंदा शेती, राहणार मौजे वोल्या, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती नेस्टर, वय ६६, याच्यासह राहते. गावात बारा उंबरे, एक चर्च, एक सभागृह व रुळांलगत धान्याचं उंच कोठार आहे. नेस्टर सध्या आपल्या कोठडीत आहे. त्याला आज घरी न्यायला मी आले आहे, हे आधी लिहून घ्या.

ऑगस्टमध्ये शहरातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, नेस्टरला यकृताचा कॅन्सर आहे व नेस्टर बर्फ पडेपर्यंतच जगेल. मी नेस्टरला पोटात अल्सर आहे असं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला. कापणी तोंडावर आली होती आणि ती त्याला स्वतःच्या हाताने करायची होती.

ही गोष्ट मी फक्त शेजारी आर्ने टोलेफसन याची बायको सोल्वेग हिला, चर्चच्या स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत भात भरताना सांगितली. तिने शपथ घेतली. आमच्या गावात शपथ म्हणजे दवंडीच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं, कारण मला घास उतरत नव्हता.

गावची रीत अशी की, घरधनी मेला किंवा पुन्हा उठणार नाही असा अंथरुणाला खिळला, की सगळे आपापली हार्वेस्टर घेऊन त्याचं शेत एका दिवसात कापून देतात. याला इर्जिक म्हणायचं. मागच्या वर्षी गावातली हाल्या नावाची बाई विधवा झाली, तेव्हा पहिलं यंत्र नेस्टरनेच घातलं होतं. चालत्याफिरत्या माणसाच्या शेतात इर्जिक कधी झालेली नाही.

काल सकाळी आठच्या सुमारास नेस्टर खिडकीशी कॉफी पीत होता. रस्त्यावर धूळ उठली आणि एकापाठोपाठ हार्वेस्टर येताना दिसली. तो म्हणाला, "कोण गेलं गं? आपल्याला कळवलं कसं नाही?" तो टोपी शोधायला लागला. म्हणाला, "आपलंही यंत्र काढतो. नाहीतर लोक तोंडात शेण घालतील." तेवढ्यात पुढचं यंत्र आमच्या फाटकात वळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

दारावर कोल्ह्यांसाठी बंदूक असते, ती घेऊन तो अंगणात गेला. ओरडला, "मी जिवंत आहे रे भडव्यांनो. मागं फिरा." पुढच्या यंत्रात आर्ने होता. त्याला वाटलं, नेस्टरला सगळं माहीत आहे. तो म्हणाला, "अरे, तू बस निवांत. आम्ही करतो सगळं." पहिल्या गोळीने यंत्राची काच फुटली. दुसरी आर्नेच्या डाव्या दंडातून आरपार गेली आणि तो शिडीवरून खाली पडला. नेस्टर त्याच्यापाशी उभा राहून तिसरी भरायला लागला. चाळीस वर्षांची दोस्ती आहे त्यांची.

मी पायरीजवळचं फावडं उचलून नेस्टरच्या मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने बंदुकीचा दस्ता माझ्या तोंडावर हाणला. माझे पुढचे दोन दात पडले. मी दुसरा फटका गुडघ्यावर दिला, तसा तो खाली बसला. पूर्वी हा माणूस गव्हाचं पोतं एका हाताने उचलायचा.

मातीत बसून त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत?" मी म्हटलं, ऑगस्टपासून. "आणि यांना?" मी फाटकातल्या यंत्रांकडे पाहिलं. "म्हणजे सगळ्यात शेवटी मला." मग म्हणाला, "किती?" तोंडातलं रक्त थुंकून मी सांगितलं, बर्फ पडेपर्यंत. मला त्याला आणखी मारावंसं वाटत होतं, आणि पोटाशी धरावंसंही. हे लिहायचं नसेल तर नका लिहू.

सोल्वेग सगळ्यांचं जेवण घेऊन मागून आली होती. तिने आर्नेच्या दंडाला आपला एप्रन बांधला. आर्नेला तक्रार द्यायची नाही. मला म्हणाला, "वहिनी, चूक आमची. फाटकाशी थांबून हाक मारायला हवी होती." तरी तुमच्या पोलिसांनी नेस्टरला नेलं.

गाडीत बसवताना नेस्टर आर्नेला म्हणाला, "उत्तरेचा तुकडा आधी घ्या, तिकडचा गहू वाळलाय. आणि कोपरे सोडू नका. तुला मेल्या नेहमी घाई." आर्ने म्हणाला, "तू बांधावर बसून शिव्या दिल्याशिवाय एक यंत्र सुरू होणार नाही."

यंत्रं कालपासून आमच्या शेतात तशीच उभी आहेत. एकानेही आपलं यंत्र घरी नेलेलं नाही, त्यांचेही गहू उभे आहेत. परवा पाऊस सांगितलाय. सबब नेस्टरला आजच सोडावं. बंदूक तुम्ही ठेवून घ्या. बांधावर खुर्ची मी टाकून आले आहे.

लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं. दात नसल्याने काही शब्द नीट उमटले नाहीत, ते साहेबांनी दोनदा विचारून घेतले. सांगितलं तेच लिहिलं आहे.

सही
लेस्या प्रोकोपचुक