फोटूतली काळी माती

नळदुर्गच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी मायलेकांची जुंपली. लेकाच्या सोयरिकीसाठी शेताचा फोटू काढला होता. मी काय कान झाकून बसणार?

“विरेशा, ही कुणाची जमीन?”

“आपलीच, अव्वा. जरा कॉन्ट्रास्ट वाढवलाय.”

“आपली तांबडी, मुरमाड. ही तर काजळ फासल्यागत केलीस!”

“उन्हानं लई पांढरं पडलं होतं. उजेड कमी केला.”

“कमी कर की, पण किती? बाभळीखालची सावली दाव बरं. सावली आन् माती एकाच रंगाची झाली!”

“काळी जमीन बघून सोयरे खूश होत्यात.”

“आन् पोरगी नांदायला आल्यावर? खुरपं खडकावर वाजलं की काय सांगशील?”

“हळू बोल, लोक ऐकायलेत.”

“ऐकू दे! त्याच मुरमातली तूर खाऊन वाढलास. त्या मातीची लाज वाटती व्हय? पूस ते काळं.”

“अव्वा... कालच पाठवलाय.”

“लाव फोन. दे इकडं. पाव्हणं, मी विरेशची आई. फोटूतली माती आमची न्हाय. आमची मुरमाड हाय. येऊन हातात घेऊन बघा, मग पोरगी द्यायची का न्हाय ते ठरवा.”