भुऱ्याचं शिक्षण आणि माझी परीक्षा

हसू नका, पण कुत्र्याला न मारता शिकवायला गेलो आणि मीच संशयात सापडलो. कॉलेजच्या सुट्टीत सांगलीहून तासगावजवळच्या आमच्या गावी आलो होतो. घरचा कुत्रा भुऱ्या तीन महिन्यांचा, खेळता खेळता सगळ्यांची बोटं चावायचा. माझी पद्धत साधी होती. तो चावला की पिल्लासारखं केकाटायचं आणि पाठ फिरवून बसायचं. पिल्लं एकमेकांना असंच शिकवतात.

तिसऱ्या दिवसापासून काकी माझं ताट लांबूनच सरकवायला लागल्या. चौथ्या दिवशी फौजेतून निवृत्त झालेले चुलते, आण्णा, दारात उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या, मागे निम्मी आळी.

"पाणी पी."

"तहान नाही."

"बघा, पाण्याला भितोय!" काकी ओरडल्या. "कुत्रं पिसाळलंय, ह्याला चावलंय. चार दिस कुत्र्यागत केकाटतोय!"

"अहो, ती शिकवायची पद्धत आहे! तुमच्या अंधश्रद्धेसाठी मी घोटभरही पिणार नाही!"

"मग कुत्रं मारायचं, आन् ह्याला पोटात चौदा इंजेक्शनं," म्हणत आण्णा काठी घेऊन भुऱ्याकडे वळले.

मी तांब्या हिसकावला आणि घटाघटा रिकामा केला. दुसरा मागवला, तोही संपवला.

 आण्णा काठी भिंतीला टेकवून लोकांकडे वळले.

"जावा रं घरला. पिसाळल्यालं न्हाई. कॉलेजात गेल्यापासनं असंच हाय."